डोंगरवाटेवरची सायकल : धक्का सोसायचा कोणी?

इंदूर शहराला सायकल ही काही नवलाईची वस्तू नव्हे. दुधाच्या बरण्या दोन्ही बाजूंना लटकावून पहाटे शहराची वाट धरणारे गवळी, शाळा-कॉलेजांतील विद्यार्थी, आणि कापडगिरण्या चालू होत्या त्या काळी पाळीच्या वेळेस रस्ता भरून टाकणारे कामगार, ह्या सर्वांनी ती वापरली आहे. ती साधी, काळी, उंच चाकांची आणि लोखंडी दांड्याच्या ब्रेकची सायकल होती. अलीकडील काही वर्षांत मात्र तिच्या शेजारी निराळ्या जातीची सायकल दिसू लागली आहे. तिचे टायर रुंद व दातेरी असतात, हँडल सरळ असते आणि पुढच्या चिमट्यात, कधी कधी मागील चाकाजवळही, धक्का झेलणारी स्प्रिंग बसविलेली असते. रविवारी सकाळी अशा सायकलींचे तांडे महू, सिमरोल, चोरल ह्या दिशांनी जाताना दिसतात. दुकानात ती सायकल पाहून मुलगा हट्ट धरतो, आणि किंमत ऐकून बाप विचारात पडतो. ह्या स्प्रिंगांना खरोखर काही काम आहे, की तो नुसता दागिना आहे, हा त्याचा प्रश्न असतो. तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देण्याजोगे नाही.

प्रथम ज्या भूमीवर ही सायकल चालवायची ती भूमी पाहिली पाहिजे. इंदूर हे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलेले आहे. शहराच्या उत्तरेस पठार सपाट पसरत जाते. परंतु दक्षिणेस तीस-चाळीस किलोमीटरांच्या आतच विंध्याची कड येते आणि जमीन नर्मदेच्या खोऱ्याकडे एकदम खाली उतरते. पाताळपाणीचा धबधबा ह्याच कडेवरून कोसळतो. दुसरे तुकोजीराव होळकर ह्यांनी ज्या रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, त्या खंडवा-इंदूर मार्गाला पाताळपाणी आणि कालाकुंड ह्यांच्या दरम्यान ही कड चढावी लागली. तेथील चढ चाळीस फुटांना एक फूट इतका आहे. आगगाडीच्या दृष्टीने तो फारच तीव्र होय. २०१८ च्या डिसेंबरात ह्याच टप्प्यावर वारसा-रेल्वे सुरू झाली. जानापावची टेकडी ह्याच परिसरात, साडेआठशे मीटरांहून अधिक उंच उभी आहे. म्हणजे इंदूरच्या सायकलस्वाराला घाट शोधण्यासाठी सह्याद्रीत जाण्याचे कारण नाही. तो त्याच्या दाराशी आहे.

ह्या घाटातील खडक काळा बेसाल्ट आहे. तो झिजताना कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे थर टाकीत जातो आणि मागे वाटोळे, सुटे धोंडे उरतात. चाकाखाली ते घरंगळतात. जेथे खडक अधिक कुजला आहे तेथे मुरूम लागतो, आणि मुरमाची वाट सायकलला फार अनुकूल असते. त्यापलीकडे काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती टायरला अशी चिकटते की चाक चिमट्यात अडकून फिरेनासे होते. जंगल बहुतांशी सागाचे. फाल्गुन-चैत्रात सागाची मोठाली वाळलेली पाने वाटेवर पसरतात आणि त्यांच्याखालचे धोंडे दिसत नाहीत. भरीस भर म्हणून बाभळीचे काटे आहेतच. धक्का, घसरण आणि पंक्चर ही तीन संकटे ह्या भूमीवर एकत्र येतात, आणि डोंगरी सायकलीचा प्रत्येक भाग ह्यांपैकी कशाला तरी उत्तर म्हणून जन्मास आला आहे.

धक्का झेलण्याची युक्ती सायकलीच्या इतिहासात नवी नाही. १८८५ साली इंग्लंडात ‘व्हिपेट’ नावाची स्प्रिंगच्या सांगाड्याची सायकल निघाली होती. त्या वेळी टायर भरीव रबराचे असत आणि दगडी रस्त्यावर स्वाराची हाडे खिळखिळी होत. परंतु १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर तयार केला, आणि थोड्याच वर्षांत स्प्रिंगच्या सांगाड्यांची गरज उरली नाही. सायकलीचा पहिला खरा धक्काशोषक म्हणजे टायरमधील हवा होय. ही गोष्ट आजच्या खरेदीदारानेही विसरू नये.

डोंगरी सायकलीचा जन्म मात्र फार अलीकडचा. अमेरिकेत सान फ्रान्सिस्को शहराजवळ टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण १९३० च्या सुमाराच्या जाड टायरांच्या, जड, जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. उतार असा की पायाने लावण्याच्या मागील ब्रेकमधील ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक उतरणीनंतर ते पुन्हा भरावे लागे. पुन्हा भरणे ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच त्या शर्यतीचे नाव ‘रीपॅक’ पडले. पुढे जो ब्रीझ ह्याने १९७७ मध्ये खास ह्या कामासाठी सांगाडा तयार केला. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली ह्यांनी टॉम रिची ह्याने बनविलेल्या सायकली ‘माउंटनबाइक्स’ ह्या नावाने विकावयास घेतल्या. आणि १९८१ मध्ये ‘स्टम्पजम्पर’ ही सायकल बाजारात आल्यावर हा प्रकार जगभर पसरला. ह्या सर्व सायकलींना सस्पेन्शन नव्हतेच. ते १९८९ मध्ये पॉल टर्नर ह्याच्या ‘रॉकशॉक्स’ चिमट्याबरोबर आले, आणि त्याची हालचालही जेमतेम पाच सेंटिमीटर होती. पुढील वर्षी अमेरिकेतील ड्युरँगो येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिच्यातील उतरणीची शर्यत ग्रेग हर्बोल्ड ह्याने असा चिमटा लावलेल्या सायकलीवर जिंकली, आणि शंकेखोरांची तोंडे बंद झाली. १९९६ मध्ये अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. २०२३ च्या ऑक्टोबरात केरळातील पोनमुडी येथे आशियाई स्पर्धा झाली.

आता ह्या यंत्राचे काम नेमके कोणते ते पाहू. समजा, स्वार ताशी वीस किलोमीटर वेगाने चालला आहे आणि वाटेत पाच सेंटिमीटर उंचीचा धोंडा आला. आजच्या डोंगरी सायकलीचे चाक सुमारे चौऱ्याहत्तर सेंटिमीटर व्यासाचे असते. असे चाक धोंड्याला टेकल्यापासून त्याच्या माथ्यावर चढेपर्यंत सुमारे साडेअठरा सेंटिमीटर पुढे जाते, आणि त्या वेगाने एवढे अंतर कापण्यास साधारणतः एका सेकंदाचा तिसावा भाग लागतो. एवढ्या अल्पकाळात चाकाला पाच सेंटिमीटर वर उचलले गेले पाहिजे. सायकलीचा चिमटा ताठ असेल तर चाकाबरोबर हँडल, सांगाडा आणि हँडलवर रेललेले स्वाराचे अंगही उचलावे लागते. तेथेच मनगटाला हिसका बसतो. चिमट्यात स्प्रिंग असेल तर फक्त चाक आणि चिमट्याचा खालचा भाग, म्हणजे दोन-तीन किलो वजन, वर जाते आणि स्वार जवळजवळ आपल्या पातळीवरच पुढे सरकतो.

परंतु धक्का कमी करणे हे ह्या यंत्राचे निम्मेच काम झाले. धोंड्यावरून उसळलेले चाक जितका वेळ हवेत राहते तितका वेळ ना ब्रेक लागतो, ना हँडल वळविल्याने सायकल वळते. सस्पेन्शन चाकाला पुन्हा त्वरेने जमिनीस टेकविते. म्हणून जाणता स्वार सस्पेन्शनकडे गादीप्रमाणे आरामाची सोय म्हणून पाहत नाही. तो त्याला पकड टिकविण्याचे साधन मानतो. कालाकुंडच्या बाजूच्या एखाद्या धोंड्याळ उतारावर आरामापेक्षा ह्या पकडीचे मोल किती तरी अधिक असते.

येथेच स्वस्त आणि चांगल्या सस्पेन्शनमधील भेद समजून घेतला पाहिजे. स्प्रिंग दाबली की ती शक्ती साठविते आणि सोडली की ती सर्व परत करते. नुसती स्प्रिंग असेल तर धोंडा ओलांडल्यावर चिमटा उसळी मारतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. ही उसळी आवरण्यासाठी तेल बारीक छिद्रांतून ढकलावयास लावणारी रचना आत बसवावी लागते. घर्षणाने तेल किंचित तापते आणि धक्क्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. शास्त्रीय परिभाषेत ह्यास अवमंदन म्हणतात. मोटारसायकलच्या शॉक-अॅब्सॉर्बरमध्ये हीच क्रिया घडते. त्यातील तेल गळून गेले म्हणजे गाडी घोड्यासारखी कशी उड्या मारू लागते, हे अनेकांनी अनुभवले असेल.

बाजारात पंधरा-वीस हजार रुपयांच्या आत मिळणाऱ्या बहुतेक सायकलींच्या चिमट्यात पोलादी स्प्रिंग असते, परंतु नाव घेण्यासारखे अवमंदन नसते. अशा चिमट्याचे वजन अडीच किलोंच्या घरात जाते. तो चढावर ओझे होतो आणि उतारावर उसळ्या मारतो. त्याच किमतीत मागेही स्प्रिंग दिली असेल तर तिचा खर्च ब्रेक, चाके, गिअर ह्यांच्या दर्जातून वसूल केलेला असतो. दिसावयास सायकल रुबाबदार, परंतु तीव्र उतारावर ब्रेक दाबताच तिची लबाडी उघडी पडते, आणि ती उघडी पडण्याची ती जागा फार वाईट आहे. घाटात नित्य जाणाऱ्या कोणत्याही स्वाराचे मत विचारावे. तो हेच सांगेल की एवढ्याच पैशात घ्यावयाची असेल तर ताठ चिमट्याची, चांगल्या ब्रेकची आणि रुंद टायरची सायकल घ्यावी. हवेच्या स्प्रिंगचा व अवमंदन असलेला चिमटा हवा असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट रक्कम मोजण्याची तयारी ठेवावी.

धक्का सोसणारे तिघे आहेत : टायर, स्वाराचे शरीर आणि सस्पेन्शन. ह्यांचा क्रमही हाच आहे.

टायरचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. आपल्याकडे टायर दगडासारखा कडक होईपर्यंत हवा भरण्याची रीत आहे. डांबरी रस्त्यावर ती चालते. घाटात मात्र कडक टायर प्रत्येक खड्यावर उडतो. सव्वादोन ते अडीच इंच रुंदीच्या टायरमध्ये मध्यम वजनाच्या स्वाराने वीस ते तीस पौंड दाब ठेवला तर टायर खड्याभोवती वाकतो आणि जमीन धरून ठेवतो. येथे एक अडचण येते. आत ट्यूब असेल आणि हवा फार कमी असेल तर धोंडा आणि रिम ह्यांच्यात सापडून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात, जणू साप चावला आहे. ह्यावर उपाय ट्यूबविरहित टायरचा. त्यात थोडे रबरी चिकाचे द्रावण घालतात. काटा घुसला की ते छिद्रापाशी येऊन गोठते आणि हवा कोंडून धरते. बाभळीच्या प्रदेशात ह्या द्रावणाची किंमत एका सहलीतच वसूल होते.

शरीराचे काम शिकावे लागते, विकत मिळत नाही. उतारावर सीटवर बसून राहणारा स्वार प्रत्येक धक्का पाठीच्या कण्यात घेतो. दोन्ही पायडल एका पातळीवर ठेवून त्यांवर उभे राहावे, गुडघे व कोपरे वाकलेली असावीत, वजन पायांवर असावे, हातांवर नव्हे. दृष्टी चाकाजवळच्या धोंड्यावर न खिळविता पुढच्या दहा-पंधरा पावलांच्या वाटेवर असावी, कारण सायकल दृष्टीमागे जाते. अशा रीतीने उभ्या असलेल्या मनुष्याचे पाय कोणत्याही चिमट्यापेक्षा कितीतरी अधिक खोल दबू शकतात. नवख्याने निदान पहिले काही महिने ताठ किंवा साध्या चिमट्याच्या सायकलीवर मुरमाच्या वाटा कराव्यात, असे जुन्या स्वारांना वाटते ते ह्यासाठीच. महागड्या यंत्राने चुका झाकल्या जातात, आणि झाकलेली चूक वेग वाढल्यावर एकदम समोर येते.

चांगले सस्पेन्शन घेतलेच तर ते स्वाराच्या वजनास जुळवून घ्यावे लागते, आणि पुष्कळजण नेमके हेच करीत नाहीत. स्वार सायकलीवर स्थिर उभा राहिला असता चिमटा आपल्या पूर्ण हालचालीच्या सुमारे पाव भागाने बसला पाहिजे. एकशेवीस मिलिमीटर हालचालीचा चिमटा असेल तर तीस मिलिमीटर. हे मोजण्यास चिमट्याच्या नळीवर बारीक रबरी कडी सरकवून ठेवतात. बसणे आवश्यक एवढ्यासाठी की चाकाला धोंड्यावर जसे वर जावे लागते तसे खड्ड्यात खालीही जावे लागते. चिमटा आधीच पूर्ण वर आलेला असेल तर खड्ड्यावर चाक अधांतरी राहील. कमी बसत असेल तर हवा थोडी काढावी, फार बसत असेल तर भरावी. ह्यासाठी वेगळा छोटा पंप मिळतो. नंतर परतीचा वेग पाहावा. चिमटा दाबून सोडला असता तो झटकन उसळूही नये आणि रेंगाळूही नये. रेंगाळला तर लागोपाठच्या धोंड्यांवर तो प्रत्येक वेळी अधिकाधिक खाली दबत जातो आणि शेवटी ताठ चिमट्यासारखाच होतो.

मागील सस्पेन्शनविषयी स्वारांत मतभेद आहेत आणि ते राहणारच. त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की लांब, धोंड्याळ उतारावर थकवा फार कमी येतो, मागचे चाक उडत नाही, आणि ज्यांची पाठ किंवा वय साथ देत नाही त्यांना डोंगर पुन्हा खुला होतो. हे सर्व खरे आहे. विरुद्ध बाजूही तितकीच खरी आहे. सायकल एक-दोन किलोंनी जड होते. रचना उत्तम नसेल तर चढावर प्रत्येक पायडलीबरोबर सायकल डोलते आणि पायांचे बळ स्प्रिंगमध्ये मुरते. शिवाय सांध्यांतील बेअरिंगांत काळ्या मातीचा गाळ शिरला की ती कुरकुरू लागतात. इंदूरभोवतीच्या बहुतेक वाटा म्हणजे मुरमाच्या गाडीवाटा, शेताकडेच्या पाणंदी आणि अधूनमधून एखादी धोंड्याळ उतरण. अशा मिश्र भूमीवर पुढे शंभर ते एकशेतीस मिलिमीटरांचे चांगले सस्पेन्शन आणि मागे ताठ सांगाडा ही जोडी पुरेशी पडते, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. रोज घाटच उतरावयाचा असेल, खिशात बळ असेल आणि निगा राखण्याची चिकाटी असेल, त्याने मागील सस्पेन्शनचा विचार अवश्य करावा.

निगेचा उल्लेख ओझरता सोडून चालणार नाही. चिमट्याच्या खालच्या नळ्यांतील तेल आणि धूळ अडविणारी रबरी सीले साधारणतः पन्नास तासांच्या वापरानंतर पाहावी लागतात. माळव्याच्या धुळीत हा अवधी लांबविणे म्हणजे नळ्यांवर ओरखडे ओढून घेणे होय, आणि ओरखडलेली नळी दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. प्रत्येक फेरीनंतर ओल्या फडक्याने नळ्या पुसल्या तरी निम्मे काम होते. पाण्याची जोरदार धार सीलांवर आणि बेअरिंगांवर सोडणे मात्र हानिकारक. स्वच्छतेच्या उत्साहात पुष्कळ सायकली अशाच खराब होतात.

शेवटी वाटेचा विचार. ही वाट सायकलस्वारासाठी कोणी बांधलेली नाही. ती गुराख्यांची, सरपण आणणाऱ्या बायांची आणि कार्तिकी पौर्णिमेस जानापावच्या जत्रेला जाणाऱ्या भाविकांची आहे. समोरून माणूस किंवा गुरे आली तर उतरणाऱ्या स्वाराने थांबावे, आणि चढून येणाऱ्यास आधी जाऊ द्यावे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर सायकल घालू नये. चाकाने पडलेली चाकोरी पुढच्या सरीबरोबर पाण्याचा पाट होते, आणि दोन-चार पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ बनतो. आश्विनात माती वाळू लागली की माघापर्यंतचे दिवस ह्या प्रदेशात सर्वांत चांगले. अभयारण्यात, मग ते शहरालगतचे रालामंडल का असेना, १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीवाचून जाता येत नाही. महूच्या परिसरात लष्कराची सरावक्षेत्रे आहेत, तेथील फलकांची पायमल्ली करू नये. चोरल-मानपूरच्या रानात बिबट्याचा वावर आहे; म्हणून एकट्याने आणि संध्याकाळी जाणे शहाणपणाचे नाही. हेल्मेटविषयी तर वाद घालण्याचेच कारण नाही.

तेव्हा ज्या बापाला दुकानात किंमत ऐकून प्रश्न पडला होता, त्याने मुलाला निराश करण्याचे कारण नाही आणि झगमगाटास भुलण्याचेही नाही. प्रथम डोक्यावर हेल्मेट, मग खात्रीचे ब्रेक, मग रुंद आणि योग्य दाबाचे टायर. एवढ्यावर मुलगा सिमरोलच्या मुरमाच्या वाटा आनंदाने तुडवू शकेल. वर्षभराने तो धोंडा चुकवावयास, गुडघे वाकवून उतार घ्यावयास आणि आपली सायकल आपण पुसावयास शिकला असेल, तर चांगल्या चिमट्यासाठी पैसे बाजूस टाकावेत. त्या वेळी त्या चिमट्याचा उपयोग काय, हे त्याला दुकानदाराने सांगावे लागणार नाही.